टिकलीचं अंडं आणि घर्रर्र फ्रीजर

ऐका. हात गप्प. पाय गप्प. कान तेवढे उघडे.

एक पाल होती.

ई करायचं नाही! तुमच्या घरातले डास कोण खातं? तीच खाते. मग?

एवढीशी होती. तुझ्या करंगळीएवढी. कपाळावर टिकली कशी घट्ट बसते? तशी ती भिंतीवर बसायची. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकली राहायची एका रिकाम्या दुकानात. दुकानाला होती एक भिंत. भिंतीला होती एक भेग. भेगेत होतं एक अंडं. पांढरं. वाटाण्याएवढं. टिकलीचं अंडं.

टिकली रोज सकाळी भेगेपाशी जायची. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"चुक चुक. आहेस का?"

अंडं काही बोलायचं नाही. अंडं कधी बोलतं का? पण टिकली विचारायची. आईच ती.

एके दिवशी काय झालं? दारात टेम्पो आला. पों पों पों!

टेम्पोतून उतरली सोनाक्का. सोनाक्काचं कुल्फीचं दुकान. आधी लांबच्या गल्लीत होतं. आता या गल्लीत आणलं. टेम्पोत काय होतं? फ्रीजर होता. भलामोठा. बैलाएवढा. आणला कसा? आडवा. टेम्पोत उभा मावेना, म्हणून घातला आडवा. रस्ता कसला होता? खड्डा, खड्डा आणि खड्डा. फ्रीजरचं पोट ढवळलं. डुचुक डुचुक, डुचुक डुचुक.

चौघा हमालांनी उचलला. हुप्पा हुय्या! दुकानात आणला. उभा केला. भिंतीला घट्ट चिकटवला.

झालं! भेग गेली मागं. अंडं गेलं मागं. टिकलीची भिंतच गेली.

सोनाक्का मात्र मायाळू. दारात कुणी आलं की तिचं बोलणं ठरलेलं.

"या. बसा. दमलात. आधी गूळ खा. पाणी प्या."

चौघं बसले. ड्रायव्हर बसला. टेम्पो लिंबाच्या सावलीला विसावला. सगळ्यांनी गूळ खाल्ला, पाणी प्यालं.

मग सोनाक्कानं बर्फाची पेटी उघडून बघितली. "अगं बाई! बर्फ वितळायला लागला. माझ्या कुल्फ्या जातील!"

आणि तिनं पटकन फ्रीजरचा खटका दाबला. खट्ट!

आता वाचणाऱ्यानं मोठ्यानं ओरडायचं. लाजायचं नाही.

घर्रर्र खडखड! घर्रर्र खडखड!

सोनाक्कानं फ्रीजरला थाप मारली. "गप की रे बाबा!"

फ्रीजर गप्प होतोय कुठला!

फ्रीजर घर्रर्र खडखड.
भिंत थरथर थरथर.
अंडं सरकलं. किती? तिळाएवढं.

कुणीकडं सरकलं? भेगेच्या तोंडाकडं. भेगेच्या तोंडाखाली काय? फरशी. कडक फरशी.

टिकली धावली. ती फ्रीजरवर चढली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"फ्रीजरदादा, फ्रीजरदादा, गप्प बसा.
फ्रीजर गप्प बसेना, भिंत थांबेना.
भिंत थांबेना, माझं अंडं पडेल की हो!"

फ्रीजर म्हणाला, "मला काय हौस आहे? आडवा आलो मी. पोटात ढवळतंय. वर इथं फरशीला उतार. पाणी दाराकडं जावं म्हणून उतार. पाण्याचं भलं झालं, माझा एक पाय राहिला अधांतरी. पायाखाली पाचर दे. मग बघू."

पाचर म्हणजे लाकडाचा तुकडा. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ. पाचर कुणाकडं असते? सुताराकडं.

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

शेजारीच हणमंतआप्पा सुतार. मिशा मोठ्या. आवाज त्याहून मोठा.

"आप्पा, आप्पा!"

"कोण बोलतंय? इथं तर कुणी नाही."

"मी. भिंतीवर बघा."

"पाल! शुक शुक! शुक शुक!"

"शुक शुक काय करता? ऐका तरी!

आप्पा, आप्पा, पाचर काढा.
पाचर निघेना, फ्रीजर गप्प बसेना.
फ्रीजर गप्प बसेना, भिंत थांबेना.
भिंत थांबेना, माझं अंडं पडेल की हो!"

आप्पानं मिशी खाजवली. "लाकडाचे तुकडे होते गं. बायकोनं बंबात घातले. पाणी तापवलं, मला अंघोळ घातली. आता नवी पाचर काढायला हवी. पण माझी कुऱ्हाड बोथट. लोणीसुद्धा कापायची नाही. कुऱ्हाडीला धार लावून आण. मग बघू."

तिकडं दुकानात काय चाललंय?

फ्रीजर घर्रर्र खडखड.
भिंत थरथर थरथर.
अंडं सरकलं. किती? तांदळाएवढं.

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

पिंपळाखाली यासीनचाचा. चाचाची सायकल स्टँडवर उभी. सायकलला धारेचा दगड. पायडल मारलं की दगड फिरतो. दगड फिरला की धार लागते. पण आज चाचा नुसताच बसलेला.

"चाचा, चाचा, धार लावा.
धार लागेना, कुऱ्हाड चालेना.
कुऱ्हाड चालेना, पाचर निघेना.
पाचर निघेना, फ्रीजर गप्प बसेना.
फ्रीजर गप्प बसेना, भिंत थांबेना.
भिंत थांबेना, माझं अंडं पडेल की हो!"

चाचा म्हणाला, "बेटी, धार लावली असती. पण चाक फिरत नाही. चेन बघ, कोरडी ठणठणीत. पायडल मारलं की किंचाळते. सगळी कुत्री भुंकतात माझ्यावर. तेल आण. मग बघू."

तिकडं दुकानात काय चाललंय?

फ्रीजर घर्रर्र खडखड.
भिंत थरथर थरथर.
अंडं सरकलं. किती? मुगाएवढं.

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पाय दुखले. थांबली नाही.

गावाच्या कडेला पारूमावशीचा तेलाचा घाणा. पारूमावशी खाटेवर बसून पंखा हलवत होती. टिकली वरच्या वाशावर गेली.

"मावशी, मावशी!"

मावशीनं वर बघितलं. "अगं आई गं! पाल! अंगावर पडू नकोस हं. पडलीस तर मला अंघोळ करावी लागेल. आज नळाला पाणी नाही."

"नाही पडत. घट्ट धरलंय. ऐका की!

मावशी, मावशी, तेल द्या.
तेल मिळेना, चाक फिरेना.
चाक फिरेना, धार लागेना.
धार लागेना, कुऱ्हाड चालेना.
कुऱ्हाड चालेना, पाचर निघेना.
पाचर निघेना, फ्रीजर गप्प बसेना.
फ्रीजर गप्प बसेना, भिंत थांबेना.
भिंत थांबेना, माझं अंडं पडेल की हो!"

"अंडं होय!" मावशीचा पंखा थांबला. "दिलं असतं गं बाई. पण डबा बघ. रिकामा. सकाळी लग्नघरच्यांनी सगळं नेलं. ताजं काढायचं तर बैल फिरायला हवा. आणि बैल बसलाय रुसून. त्याला उठव. मग बघू."

तिकडं दुकानात काय चाललंय?

फ्रीजर घर्रर्र खडखड.
भिंत थरथर थरथर.
अंडं सरकलं. किती? हरभऱ्याएवढं.

टिकली खाली उतरली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

चांद्या बैल बसला होता. कपाळावर पांढरा चांद. डोळे मिटलेले. शेपटी इकडं, शेपटी तिकडं. फटक फटक.

"चांद्या, चांद्या, चल की रे.
बैल चालेना, घाणा फिरेना.
घाणा फिरेना, तेल मिळेना.
तेल मिळेना, चाक फिरेना.
चाक फिरेना, धार लागेना.
धार लागेना, कुऱ्हाड चालेना.
कुऱ्हाड चालेना, पाचर निघेना.
पाचर निघेना, फ्रीजर गप्प बसेना.
फ्रीजर गप्प बसेना, भिंत थांबेना.
भिंत थांबेना, माझं अंडं पडेल की हो!"

चांद्यानं एक डोळा उघडला. "हंऽऽऽ. मी रुसलो नाही. मावशीला काय कळतंय! माझ्या नाकावर माशी बसलीय. शेपटी तिथवर पोचत नाही. सकाळपासनं गुदगुल्या करतीय. चाललो की शिंका येतात. माशीला उठव. मग बघू."

तिकडं दुकानात काय चाललंय?

फ्रीजर घर्रर्र खडखड.
भिंत थरथर थरथर.
अंडं सरकलं. किती? आता विचारूच नका. अर्धं आत, अर्धं बाहेर.

टिकली चढली बैलाच्या पायावरून मानेवर. मानेवरून कपाळावर. कपाळावरून नाकाजवळ. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

नाकावर माशी बसलेली. पाय चोळत.

"माशी, माशी, ऊठ गं.
माशी उठेना, बैल चालेना.
बैल चालेना, घाणा फिरेना.
घाणा फिरेना, तेल मिळेना.
तेल मिळेना, चाक फिरेना.
चाक फिरेना, धार लागेना.
धार लागेना, कुऱ्हाड चालेना.
कुऱ्हाड चालेना, पाचर निघेना.
पाचर निघेना, फ्रीजर गप्प बसेना.
फ्रीजर गप्प बसेना, भिंत थांबेना.
भिंत थांबेना, माझं अंडं पडेल की हो!"

माशी म्हणाली, "गुंईंईं! नाही उठत जा!"

"ऊठ की गं."

"नाही! इथं गार वाटतं. ओलं नाक आहे. काय करशील?"

"ऊठ ना गं, माझी बाई."

"नाही, नाही, नाही! एवढीशी तू. काय करशील?"

टिकली आणखी जवळ सरकली. तिनं माशीकडं बघितलं. माशीनं टिकलीकडं बघितलं.

सकाळपासनं टिकलीनं काही खाल्लं नव्हतं.

लप्प!

गेली माशी. कुठं गेली? विचारायचं नसतं. पाल आहे ती.

"अरे वा!" चांद्या म्हणाला. आणि एक मोठ्ठी शिंक दिली. आँऽऽक छी! टिकली उडाली आणि मावशीच्या पंख्यावर पडली. अंगावर नाही हं. पंख्यावर. अंघोळ वाचली.

मग काय झालं? आता भरभर ऐका.

माशी गेली, बैल चालला. धप धप, धप धप.
बैल चालला, घाणा फिरला. करर्र कूं, करर्र कूं.
घाणा फिरला, तेल मिळालं. टिप टिप, टिप टिप.

पारूमावशी वाटी घेऊन उठली. "चल गं, दाखव कुठं ते." तिनं पंखा पुढं धरला. पंख्यावर टिकली. चांद्या म्हणाला, "मीपण येतो." बैलाला नाही कोण म्हणणार?

पिंपळाखाली गेले.

तेल मिळालं, चाक फिरलं. गरगर गरगर. कुत्री भुंकली नाहीत.

चाचानं सायकल स्टँडवरून काढली. ढकलत निघाला. आप्पाच्या दारात नेऊन उभी केली. आप्पानं कुऱ्हाड पुढं केली.

चाक फिरलं, धार लागली. किर्रर्र किर्रर्र. ठिणग्या उडाल्या. लांबनं बघायच्या.

धार लागली, कुऱ्हाड चालली. ठक ठक, ठक ठक.
कुऱ्हाड चालली, पाचर निघाली. टण्ण!

आणि सगळी वरात निघाली सोनाक्काच्या दुकानाला. पुढं आप्पा, हातात पाचर. मागं चाचा. मागं पारूमावशी. पंख्यावर टिकली. सगळ्यात मागं चांद्या.

दारातून सोनाक्का म्हणाली, "या. बसा. दमलात. आधी गूळ खा. पाणी प्या."

आप्पा बसला. चाचा बसला. मावशी बसली. चांद्यापण दारात बसला. गूळ खाल्ला. पाणी प्यालं.

"लवकर! लवकर!" टिकली म्हणाली.

आप्पा उठला. बाकी तिघांनी फ्रीजर जरासा उचलला. हुप्पा हुय्या! आप्पानं पायाखाली पाचर सारली. ठोकली. ठक!

खडखड थांबली.

थांबली!

पण हे काय?

घर्रर्रऽऽऽ! घर्रर्रऽऽऽ!

खडखड गेली. घर्रर्र राहिली.

भिंत थरथर थरथर. अंडं अर्ध्याहून जास्त बाहेर. आता पडतंय की मग पडतंय.

आप्पा म्हणाला, "माझी पाचर चोख आहे."

चाचा म्हणाला, "मेरी धार एकदम बरोबर."

मावशी म्हणाली, "माझं तेल ताजं आहे बाई."

सोनाक्का म्हणाली, "मग हा ओरडतो कशाला?"

चौघं भांडायला लागले. मोठी माणसं अशीच. फ्रीजरला कुणी विचारलंच नाही.

टिकलीनं विचारलं. ती वर चढली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. फ्रीजरच्या कानापाशी गेली. फ्रीजरला कान कुठं असतो? असतो. तुम्ही नीट बघत नाही.

"फ्रीजरदादा, फ्रीजरदादा, आता काय दुखतं?"

फ्रीजर हळूच म्हणाला, "टिकले, मी लांबनं आलो. आडवा आलो. माझ्या पोटात यंत्राचं तेल असतं, ते सगळं वरखाली झालंय. सगळे आले, त्यांना सोनाक्का बसा म्हणाली. टेम्पोलासुद्धा सावली मिळाली. मला कुणी बस म्हणालंच नाही. आणलं आणि कामाला जुंपलं."

टिकली खाली उतरली. ती खटक्यावर जाऊन बसली. कपाळावर टिकली बसते, तशी. घट्ट.

"सोनाक्का!"

"काय गं?"

"आप्पा शेजारनं आले. त्यांना बसा म्हणालीस."

"म्हणाले."

"चाचा पिंपळाखालनं आले. त्यांना बसा म्हणालीस."

"म्हणाले."

"मावशी गावाच्या कडेवरनं आल्या. त्यांना बसा म्हणालीस. बैलालापण गूळ दिलास."

"दिला की. बरं मग?"

"हा आडवा आला. खड्ड्याखड्ड्यातनं आला. याला बस म्हणालीस का?"

सोनाक्काचा हात तोंडावर गेला.

तिनं फ्रीजरकडं बघितलं. मग बर्फाच्या पेटीकडं बघितलं. पेटीखाली पाण्याचं तळं झालं होतं. टिप टिप, टिप टिप. आतल्या कुल्फ्या मऊ झाल्या होत्या. फ्रीजर बंद केला तर सगळ्या कुल्फ्या जाणार. पहिल्या दिवसाच्या कुल्फ्या. काल दिवसभर दूध आटवून केलेल्या.

सोनाक्कानं एक मोठा श्वास घेतला.

"जाऊ दे कुल्फ्या," ती म्हणाली. "सर गं टिकले."

आणि तिनं खटका बंद केला.

खट्ट.

शांत.

इथं वाचणाऱ्यानं गप्प बसायचं. पाच मोजेपर्यंत. मनात.

भिंत थांबली. अंडं थांबलं. अगदी काठावर. पण थांबलं.

सोनाक्कानं ओला फडका घेतला. फ्रीजरच्या पाठीवरची धूळ पुसली. म्हणाली, "बस रे बाबा. दमलास. चुकलं माझं."

फ्रीजरनं डोळे मिटले.

मग सोनाक्का म्हणाली, "याला असा भिंतीला कशाला दाबलाय? वीतभर पुढं घ्या. याला वारा नको?"

वीतभर पुढं घेतला. मागं भेग दिसली. भेगेच्या काठावर अंडं दिसलं.

"अगं बाई! हे होय!"

कुणी मोठ्यानं बोललं नाही. आप्पानंसुद्धा नाही. सोनाक्कानं देवापुढच्या वातीतला चिमूटभर कापूस काढला. अंडं करंगळीनं आत लोटलं. हळू. अगदी हळू. काठाला कापूस लावला. गादी केली.

टिकली भेगेपाशी गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"चुक चुक. आहेस का?"

अंडं काही बोललं नाही. पण होतं.

"आता या कुल्फ्यांचं काय करायचं?" आप्पानं विचारलं. जीभ बाहेर आली होती त्याची.

"खा," सोनाक्का म्हणाली. "फ्रीजर बसलाय तोवर खा. नाहीतर पाणी होईल."

सगळ्यांनी खाल्ल्या. आप्पानं चार. चाचानं तीन. मावशीनं दोन, आणि एक लपवून. गल्लीतली सगळी पोरं आली. ती किती खातात ते कोण बघतंय! मऊ कुल्फी मनगटावरनं कोपरापर्यंत जाते. कोपर चाटता येत नाही. करून बघ.

चांद्यानं सगळे साचे चाटले. चटक मटक.

समोरच्या भिंतीवर ऊन होतं. ऊन हळूहळू खाली उतरलं. फ्रीजर बसला होता. पोटातलं तेल हळूहळू खाली उतरलं. डुचुक... डुचुक... डुच. बसलं.

ऊन फरशीवर आलं, तेव्हा सोनाक्का उठली.

"झाली का रे विश्रांती? लावू का आता?"

खट्ट.

टिकलीनं डोळे घट्ट मिटले.

हूंऽऽऽऽऽ.

काय आवाज आला? परत ऐका.

हूंऽऽऽऽऽ. हूंऽऽऽऽऽ.

घर्रर्र नाही. खडखड नाही. मांडीवर घेऊन आई गुणगुणते, तसा आवाज.

फ्रीजर गप्प बसला, भिंत थांबली.
भिंत थांबली, अंडं राहिलं.
अंडं राहिलं, टिकली निजली.

आणि एक गंमत सांगतो. फ्रीजर आतनं गार असतो. पाठीमागनं मात्र कोमट असतो. ही कोमट हवा वीतभर जागेत भरली. भेगेत गेली. कापसावर बसली. अंड्याला ऊब लागली. दिवस गेले. रोज ऊब. रोज हूंऽऽऽ.

मग एका दुपारी...

टिच्!

अंड्याला तडा गेला. आतनं एक नाक आलं. मग डोळे. मग पाय. मग शेपूट. एवढंसं. तुझ्या नखाएवढं.

टिकली धावली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"चुक चुक. आहेस का?"

आणि आज उत्तर आलं.

"चुक."

फ्रीजरचं हूं जरा थांबलं. मग परत सुरू झालं. त्यानंही ऐकलं.

सोनाक्का वाकून भेगेत बघायला लागली. बघितलं, एवढंसं पिल्लू. धापा टाकत होतं. अंड्यातनं बाहेर यायचं म्हणजे काय थोडा प्रवास आहे?

सोनाक्का हळूच म्हणाली,

"ये रे. बस. दमलास."

फ्रीजर म्हणाला हूंऽऽऽ. टिकली निजली. पिल्लू निजलं. चांद्या निजला.

तूही दिवसभर लांब लांब फिरून आलंस. उंबऱ्यापर्यंत, पलंगाखाली, आणि परत. दमलास. दमलीस. आता नीज.

या गोष्टीचा खटका बंद.

खट्ट.